ठराव होण्याआधी: आरोग्य परिणाम मूल्यांकन कसे करावे

महापालिकेच्या महासभेपुढे येणाऱ्या प्रस्तावात खर्चाचा अंदाज असतो, लेखाशीर्ष असते, निविदेची पद्धत असते. या निर्णयामुळे कोणाची झोप जाईल, कोणाला रस्ता ओलांडताना जिवाची भीती वाटेल, कोणाच्या छातीत धूर जाईल, एवढे सांगणारा रकाना मात्र त्यात नसतो. तो रकाना भरण्याच्या पद्धतीला आरोग्य परिणाम मूल्यांकन म्हणतात. प्रभाग समितीत काम करणारे कार्यकर्ते, नागरी आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी, समाजकार्याचे विद्यार्थी आणि सोसायट्यांच्या महासंघांचे पदाधिकारी, ज्यांनी हे काम कधी केलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

पद्धत नवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय केंद्राने १९९९ साली गोथेनबर्ग येथे तिची व्याख्या आणि पायऱ्या मांडल्या. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात असे मूल्यांकन कलम ५४ खाली येते. वेल्सने २०१७ च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांवर त्याची जबाबदारी टाकली. आपल्याकडे असे बंधन नाही. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना आहे, पण ती प्रकल्पांना लागू होते. वाहतुकीची वेळ बदलणे, मैदानाचे आरक्षण उठवणे, पाण्याच्या वेळा ठरवणे असले धोरणात्मक निर्णय तिच्या कक्षेत येत नाहीत. आणि शहरातल्या माणसाची तब्येत रोजच्या रोज बिघडते ती बहुतेक वेळा अशाच निर्णयांनी.

तरीही हातात दोन आधार आहेत. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये आरोग्य सोडून इतर खात्यांच्या धोरणांचे आरोग्य परिणाम मूल्यांकन करण्याचा उल्लेख आहे. दुसरा आधार रोजच्या उपयोगाचा आहे: माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ग). लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना आणि निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. कोणत्याही अर्जाची सुरुवात या कलमाने करा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेक नवखे इथेच चुकतात. कार्यादेश निघाल्यावर आलेल्या दोनशे पानी अहवालापेक्षा महासभेच्या चार दिवस आधी आलेली दोन पाने जास्त कामाची. पुढच्या प्रत्येक पायरीवर घड्याळाकडे लक्ष ठेवा.

सरावासाठी एक प्रस्ताव

सगळ्या पायऱ्या एकाच उदाहरणावर दाखवतो. उदाहरण सरावापुरते रचलेले आहे, पण ठाण्यात राहणाऱ्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. प्रस्ताव असा: घोडबंदर रस्त्यावर माजिवडा ते गायमुख या पट्ट्यात अवजड वाहनांना सकाळी ५ ते रात्री ११ बंदी, रात्री ११ ते पहाटे ५ मुभा. जेएनपीए बंदरातून गुजरातकडे जाणारी बरीच अवजड वाहतूक शिळफाटा, मुंब्रा बायपास आणि पुढे घोडबंदर अशी जाते. दिवसा तिच्यामुळे कोंडी होते, म्हणून ती रात्री ढकलायची.

ऐकताच बरा वाटणारा प्रस्ताव आहे, आणि मूल्यांकनाची गरज असल्याच प्रस्तावांना सर्वांत जास्त असते. उघड घातक गोष्टीला विरोध करायला कोणीतरी उभे राहतेच. बऱ्या वाटणाऱ्या गोष्टीची दुसरी बाजू पाहायला कोणी थांबत नाही.

पहिली पायरी: चाळणी

प्रत्येक प्रस्तावाचे मूल्यांकन करत बसलात तर एकही धड होणार नाही. म्हणून आधी अर्ध्या तासात चाळणी लावा. विषयपत्रिका आणि सोबतचा गोषवारा समोर घ्या आणि स्वतःला विचारा: यामुळे हवा, आवाज, पाणी, अन्न, घर, चालणे-फिरणे, उत्पन्न किंवा उपचारापर्यंत पोहोचणे यांपैकी काय बदलते? किती माणसांसाठी, किती काळ? झालेला बदल मागे घेता येतो का? त्रास आणि फायदा एकाच माणसांना होतो की वेगवेगळ्या? आणि प्रस्तावाचा मसुदा अजून बदलण्याजोगा आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर मूल्यांकनावर वेळ घालवू नका. तिथे हरकत, निवेदन, न्यायालय असे मार्ग वेगळे आहेत.

चौकाला नाव देण्याचा ठराव चाळणीतून गळतो. नवी मुंबईत एखाद्या नोडमधला, म्हणजे नियोजित वसाहतीतला, खेळाच्या मैदानाचा आरक्षित भूखंड वाहनतळासाठी वापरण्याचा विकास आराखड्यातला फेरबदल आला, तर तो नक्की वर राहतो: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवल्या जातात, मुदत जाहिरातीत छापलेली असते आणि गेलेले मैदान परत मिळत नाही. आपला घोडबंदरचा प्रस्तावही वर राहतो.

चाळणीचा निकाल ‘गरज नाही’ असा आला तरी कारणासह चार ओळी लिहून, तारीख टाकून ठेवा. पुढे कोणी विचारले तर दाखवायला कागद हवा.

दुसरी पायरी: आवाका

इथे घाई करू नका. आवाका चुकला की पुढची सगळी मेहनत भलत्याच प्रश्नाचे उत्तर देते.

आधी वेळ मोजा आणि मूल्यांकनाचा आकार ठरवा. दोन आठवडे असतील तर उपलब्ध कागद, आकडे आणि दोन-तीन भेटी एवढ्यावर काम करा. दोन-तीन महिने असतील तर स्वतःची मोजणी आणि लोकांच्या बैठका घ्या. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ प्रमाणे एक महिन्यापर्यंतच्या वाहतूक निर्बंधाला राजपत्रात प्रसिद्धी लागत नाही. त्यामुळे असे निर्णय बऱ्याचदा आधी ‘प्रायोगिक तत्त्वावर’ ३० दिवसांसाठी येतात. ते ३० दिवस हीच तुमची संधी. प्रयोग सुरू होण्याआधीची मोजणी हाती नसेल तर तुलना कशाशी करणार? म्हणून बातमी कानावर आली त्या आठवड्यात मोजणीला लागा.

मग गट जमवा. पाच ते सात माणसे पुरतात: परिसरातल्या आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी किंवा अनुभवी आशा सेविका, वाहतूक कळणारा एक अभियंता, आकडेमोड जमणारा एक जण, रस्त्यालगत राहणारे दोघे आणि ट्रकवाल्यांच्या बाजूचा एक. हा शेवटचा माणूस टाळू नका. त्याच्याशिवाय चालकांच्या हालांबद्दल तुम्ही केवळ अंदाज लिहाल.

आता कागद आडवा धरा. डावीकडे प्रस्ताव लिहा. त्यापुढे ‘काय बदलेल’, त्यापुढे ‘माणसाच्या वाट्याला काय येईल’ आणि उजव्या टोकाला ‘तब्येतीवर काय होईल’. बाण काढत जा. आपल्या प्रस्तावातून किमान पाच धागे निघतात. दिवसा कोंडी कमी, १०८ रुग्णवाहिका लवकर पोहोचते, शाळेच्या बसमधला वेळ वाचतो. रात्री ट्रक वाढतात, आवाज वाढतो, झोप मोडते, रक्तदाबाचा त्रास वाढण्याची शक्यता. रात्री रस्ता मोकळा, वेग जास्त, पायी चालणाऱ्याला आणि दुचाकीस्वाराला जीवघेण्या अपघाताचा धोका. चालकाला पहाटे २ ते ५ गाडी हाकावी लागते, आणि याच वेळेत शरीर सर्वाधिक पेंगुळलेले असते. पाचवा धागा नकाशावर सहज दिसत नाही: ११ वाजेपर्यंत ट्रक थांबतील कुठे?

ते शिळफाटा, खारेगाव, गायमुखच्या अलीकडे-पलीकडे थांबतील. तिथे इंजिन चालू ठेवून उभ्या गाड्या, शौचालय नाही, पाणी नाही, रस्त्याकडेला साचलेला कचरा. म्हणजे घोडबंदरच्या टॉवरमधला दिवसाचा त्रास उचलून मुंब्रा-कळव्याच्या दाट वस्तीच्या उंबऱ्यावर ठेवला जातो. आवाका ठरवताना रेघ माजिवड्यापाशी संपवली असती तर हा धागा कधी दिसलाच नसता. म्हणून हद्द प्रस्तावाच्या पट्ट्याची धरू नका, परिणाम जिथवर पोहोचतो तिथवरची धरा, मग ती महापालिकेची हद्द ओलांडली तरी चालेल.

पाचही धाग्यांवर सारखी मेहनत करायला वेळ नसतो. मोठा परिणाम, जास्त माणसे आणि आत्ता बदलता येण्याजोगा असे तीन धागे निवडा. बाकीचे अहवालात एकेका वाक्यात नोंदवा आणि ते का सोडले तेही लिहा.

तिसरी पायरी: आकडे गोळा करणे

आकडे मिळतात, पण ते नेमके कोणत्या ठाण्याचे आहेत हे पाहिल्याशिवाय वापरू नका. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा म्हणजे जव्हार-मोखाड्यासकटचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतला (२०१५-१६) ठाणेही जुन्याच हद्दीचा आहे, पाचव्या फेरीत (२०१९-२१) पालघर वेगळा दिसतो. या दोन फेऱ्यांची सरळ तुलना करून ‘ठाण्यात इतकी सुधारणा झाली’ असे लिहिणारे पुष्कळ भेटतात. त्यातला काही फरक फक्त नकाशातला असतो.

पोलिसांकडचा ‘ठाणे शहर’ हा आकडा आयुक्तालयाचा असतो. त्यात भिवंडी, कल्याण, उल्हासनगरही येते. ‘नवी मुंबई’ म्हणजे महापालिकेचा दिघा ते बेलापूर हा पट्टा, पण पोलीस आयुक्तालयाच्या नवी मुंबईत पनवेल आणि उरणही आहे. सिडकोच्या, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, नवी मुंबईतले खारघर-कामोठे तर रायगड जिल्ह्यात आणि २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत. अर्ज करताना शहराचे नाव लिहू नका. ‘कापूरबावडी आणि कासारवडवली पोलीस ठाण्यांच्या हद्दीतील, घोडबंदर रस्त्यावरील, मागील पाच वर्षांतील, वेळनिहाय अपघात’ असे लिहा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराला ३० दिवस लागू शकतात. म्हणून हा अर्ज आवाका ठरला त्याच दिवशी टाका.

काही आकडे तुम्हालाच मोजावे लागतील. तीन मोजण्या नवख्या गटालाही जमतात.

वाहनांची मोजणी: पादचारी पुलावर दोन माणसे, एक पाहणारा, एक टिपणारा. १५-१५ मिनिटांचे रकाने करा. ट्रक, कंटेनर, टँकर, बस आणि इतर असे वेगळे लिहा. मंगळवार ते गुरुवारपैकी दोन रात्री आणि एक शनिवार घ्या. एकच रात्र मोजून निष्कर्ष काढू नका. बंदरात एखाद्या दिवशी काम मंदावले की सगळा आकडा खाली येतो.

वेग: दोन दिव्यांच्या खांबांमधले अंतर टेपने मोजून १०० मीटरचा पट्टा ठरवा. गाडी पहिल्या खांबापाशी आली की स्टॉपवॉच सुरू, दुसऱ्यापाशी बंद. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ६० किलोमीटर, ९ सेकंद लागले तर ४०. पट्टा ५० मीटरचा घेतला तर बोटाच्या उशिराने येणारी चूक दुप्पट होते. प्रत्येक तासात ३० गाड्या पुरे.

आवाज: मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. कॅलिब्रेट केलेले, म्हणजे प्रमाणित आवाजाशी ताडून पाहिलेले, ध्वनिमापक यंत्र एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून किंवा पर्यावरण प्रयोगशाळेकडून भाड्याने मिळते. यंत्र जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर, भिंतीपासून निदान ३.५ मीटर दूर ठेवा आणि माइकवर फोमची टोपी लावा. भिंतीच्या फार जवळ ठेवले तर परतणारा आवाज मिसळून आकडा सुमारे ३ डेसिबलने फुगतो. सरासरी आणि कमाल, दोन्ही टिपा. झोप मोडते ती कमाल आवाजाने. रिकामा ट्रक गतिरोधकावरून उडतो तेव्हा त्याचा लोखंडी सांगाडा आणि मागची साखळी खणखणते. भरलेला ट्रक त्यापेक्षा कमी वाजतो. रात्रीच्या सरासरीत हे चाळीस-पन्नास धक्के विरघळून जातात, माणसाच्या कानात विरघळत नाहीत.

लोकांकडून काय आणि कसे विचारावे

‘रात्री ट्रक यावेत का?’ असे विचारलेत तर उत्तरात मत मिळेल, माहिती मिळणार नाही. ‘काल रात्री जाग आली का? किती वाजता? कशाने? पुन्हा झोप लागली का? खिडकी उघडी होती का?’ असे विचारा. उकाड्यात खिडकी बंद ठेवता येत नाही, आणि वातानुकूलन आहे की नाही यावर एकाच इमारतीतल्या दोन घरांचा त्रास वेगळा पडतो.

बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली तर निवृत्त मंडळी येतील. त्यांचे म्हणणे मोलाचे आहे, पण शेवटच्या लोकलने येऊन सर्व्हिस रोडवरून एकटीने घरी चालत जाणारी मुलगी तिथे नसेल. बांधकामाच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारे मजूर, पदपथावर झोपणारे, ऐरोलीच्या कंपन्यांत रात्रपाळी करून दिवसा झोपणारे, अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांच्यापर्यंत तुम्हालाच जावे लागेल. चालकांशी बोलायचे असेल तर रात्री साडेनऊला शिळफाट्याजवळच्या चहाच्या टपरीवर जा. तेव्हा ते थांबलेले असतात आणि बोलायला मोकळे असतात. ‘आज कितव्या तासाला गाडीवर आहात?’ हा प्रश्न पहिला. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ प्रमाणे दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. थांबून राहिलेला वेळ कामाचा धरला जातो का, हे त्यांच्याच तोंडून ऐका.

परवानगी घेऊन बोला, नाव लिहू नका, गाडीचा क्रमांक दिसेल असा फोटो काढू नका. तुमच्या कागदामुळे एखाद्याची नोकरी जाता कामा नये.

चौथी पायरी: परिणामाचा अंदाज

डेसिबलशी वागताना साधी बेरीज-सरासरी चालत नाही. ५० आणि ७० डेसिबलची सरासरी ६० येत नाही, ६७ येते, कारण मोजपट्टी लॉगरिदमची आहे, म्हणजे दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. वाहने दुप्पट झाली तर आवाज सुमारे ३ डेसिबलने वाढतो, तिप्पट झाली तर सुमारे ५ डेसिबलने. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आपल्या २००० च्या ध्वनी नियमांची मर्यादा ४५ डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या रहदारीच्या रात्रीच्या आवाजासाठी ४५ डेसिबलचीच शिफारस केली.

संघटनेच्या त्याच कामात आवाज आणि झोप यांचा संबंधही दिला आहे. घराबाहेरचा रात्रीचा आवाज ५५ डेसिबल असेल तर सुमारे ६ टक्के लोकांची झोप तीव्रपणे बिघडते, ६० डेसिबलला सुमारे ८.५ टक्के, ६५ ला सुमारे १२ टक्के. आता आपला हिशोब. समजा, रस्त्यापासून मागच्या रांगेत ४०,००० माणसे राहतात, तिथे आज ५५ डेसिबल आहे आणि रात्रीचे ट्रक तिप्पट होणार आहेत. रात्रीचा आवाज मुख्यतः ट्रकचाच आहे असे धरले तर तो ६० वर जाईल. ८.५ वजा ६ म्हणजे २.५ टक्के, म्हणजे १,००० माणसे. लोकसंख्या आणि आजचा आवाज हे दोन्ही आकडे इथे मानलेले आहेत, तुमच्या मोजणीचे घाला.

या आकड्याखाली लगेच लिहा की तो कसा आला आणि कुठे कच्चा आहे. हे संबंध मुख्यतः परदेशी अभ्यासांतून आले आहेत आणि आपल्या खिडक्या वर्षातले बहुतेक महिने उघड्या असतात. त्यामुळे अंदाज ‘सुमारे हजार’ एवढाच ठेवा. १,०१७ असे लिहिलेत तर जाणकार वाचक तिथेच कागद खाली ठेवेल.

वेगाचा नियम असा: सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. ताशी ४० चा ४४ झाला, म्हणजे १० टक्के वाढ झाली, तर धोका साधारण ४५ टक्क्यांनी वर जातो. शहरी रस्त्यावर परिणाम काहीसा कमी असू शकतो, म्हणून हा आकडा वरची मर्यादा म्हणून द्या.

इथे एक सापळा आहे. ३० दिवसांच्या प्रयोगात या पट्ट्यावर प्राणांतिक अपघात झाला नाही, म्हणून ‘धोका नाही’ असे कोणीतरी म्हणेलच. एका पट्ट्यावर महिन्याभरात अशा घटना मुळात इतक्या थोड्या असतात की शून्य आले काय आणि दोन आले काय, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून प्रयोगाच्या काळात मृत्यू मोजू नका, वेग मोजा. वेग रोज शेकड्यांनी मोजता येतो आणि धोक्याची दिशा तोच दाखवतो.

प्रत्येक परिणामापुढे ‘नक्की’, ‘बहुधा’ किंवा ‘शक्यता’ यांपैकी एक शब्द लिहा. आवाज वाढेल: नक्की. झोप मोडेल: बहुधा. त्यातून रक्तदाबाचे रुग्ण वाढतील: शक्यता. तिन्ही एकाच सुरात लिहिले तर सगळेच कमकुवत दिसते.

आणि वजाबाकी करू नका. दिवसा बसमध्ये वाचलेली वीस मिनिटे उणे रात्री मोडलेली झोप, असा हिशोब कागदावर होतो, पण ती माणसे वेगळी आहेत. फायदा वाघबीळच्या मुलांचा, त्रास शिळफाट्याच्या वस्तीचा. दोन्ही शेजारी-शेजारी, नावानिशी मांडा. कोणाच्या वाट्याला काय येते हे दाखवणे हा या मूल्यांकनाचा गाभा आहे. ज्यांच्याकडे आधीच कमी आहे त्यांच्यावर आणखी ओझे पडत असेल तर ते पहिल्या पानावर आले पाहिजे.

पाचवी पायरी: शिफारशी

‘नागरिकांच्या आरोग्याचा विचार करावा’ ही शिफारस नव्हे. शिफारस अशी हवी की लिपिकाने ती जशीच्या तशी मसुद्यात चिकटवावी. कोणी, काय, कुठे, कधीपर्यंत, हे चारही त्यात हवे. उदाहरणार्थ:

‘सदर अधिसूचनेची अंमलबजावणी सुरू होण्यापूर्वी, अवजड वाहने थांबविण्यासाठी निश्चित केलेल्या प्रत्येक ठिकाणी संबंधित प्राधिकरणाने शौचालय, पिण्याचे पाणी व दिवाबत्तीची सोय करावी. थांबलेल्या वाहनांची इंजिने बंद ठेवण्याबाबत फलक लावण्यात यावेत.’

‘रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत सदर पट्ट्यात अवजड वाहनांची वेगमर्यादा ताशी ४० कि.मी. राहील व तिची तपासणी स्पीड गनद्वारे करण्यात येईल.’

वेग कमी करायला गतिरोधक सुचवण्याचा मोह होतो. रात्रीच्या ट्रकसाठी तो घातक सल्ला आहे, कारण वर सांगितलेली खणखण तिथेच होते. कॅमेरा आणि दंड हा मार्ग शांत आहे. रुग्णालयांच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे, तेव्हा तिथे हॉर्नबंदीचे फलक आणि रस्त्याची डागडुजी आधी मागा. खड्डा बुजवणे हे आवाज कमी करण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

शिफारशी पाच ते सातच द्या. वीस दिल्या तर सोयीच्या तीन उचलल्या जातात आणि अवघड सगळ्या राहतात.

सहावी पायरी: कागद पोहोचवणे

पहिली दोन पाने स्वतंत्र वाचता आली पाहिजेत: प्रस्ताव काय, मुख्य परिणाम तीन, कोणावर, किती खात्री, शिफारशी. मोजणीचे तक्ते, नकाशा आणि बैठकींची टिपणे मागे जोडा. भाषा मराठीच ठेवा, कारण गोषवारा मराठीत लिहिला जातो आणि भाषांतर करताना तुमचे आकडे गळतात.

वाहतुकीचा प्रस्ताव असेल तर वाहतूक शाखेला, प्रत महापालिका आयुक्त आणि वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना. महासभेचा विषय असेल तर सचिव कार्यालयात, आणि विषयपत्रिका निघण्याआधी. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढच्या प्रत्येक पत्रात तोच क्रमांक लिहायचा आहे. ईमेल पाठवा, पण शिक्क्याच्या जागी नाही, शिक्क्याच्या जोडीला.

ज्यांनी माहिती दिली त्यांनाही अहवाल परत सांगा. टपरीवरच्या चालकांना दोन मिनिटांत तोंडी सांगितले तरी चालते. न सांगता गेलात तर पुढच्या वेळी ते बोलणार नाहीत.

सातवी पायरी: पाठपुरावा

निर्णय झाला की काम निम्मे उरते. ज्या ठिकाणी, ज्या वारी, ज्या वेळी आधी मोजले होते, तिथेच पुन्हा मोजा. यंत्र तेच, उंची तीच. जागा दहा मीटर सरकली तरी तुलना बिघडते, म्हणून पहिल्याच दिवशी खांबाचा क्रमांक आणि फोटो नोंदवहीत डकवा. थांब्यांच्या ठिकाणी रात्री दहाला जाऊन पाहा: शौचालय उघडे आहे का, नळाला पाणी आहे का, किती इंजिने चालू आहेत. एवढ्या तीन रकान्यांचा तक्ता आशा सेविकाही भरू शकते.

दुसरी मोजणी कधी करायची हे पहिल्या मोजणीच्या दिवशीच ठरवा. आपल्याकडे पाऊस सगळे आकडे बिघडवतो: पत्र्यावरच्या सरींचा आवाज यंत्रात शिरतो, खड्ड्यांमुळे वेग आपोआप उतरतो आणि ट्रक जास्त खणखणतात. पहिली मोजणी मेअखेर उरकली असेल तर दुसरी ऑक्टोबरात, नवरात्राचे ध्वनिक्षेपक बंद झाल्यावर घ्या, आणि दिवाळीच्या आठवड्यात यंत्र कपाटातच राहू द्या.